नरहर भावजींची सडक

"त्या दगडाला हात लावशील तर बघ!" मी ओट्यावरून ओरडले.

पहार उगारलेला गडी तसाच थांबला. मुकादम इब्राहीम टोपी काढून डोकं खाजवत माझ्यापुढं आला.

"मौशी, सडक म्युन्सिपाल्टीची हाय. दगड बीचमें ठिवला तर रोलर कसा जाईल?"

"बाजूनं जाईल. त्याला काय दृष्ट लागते का माझ्या दगडाची?"

"पन हाय काय त्या दगडात? देव हाय का?"

"देव असता तर उचलू दिला असता. देवाला कुठंबी जागा मिळते. त्या दगडावर माझ्या दिराचं चालणं हाय."

इब्राहीमला काही कळलं नाही. परगावचा माणूस, त्याला कुठून कळणार?

माझे दीर नरहर भावजी. लहानपणी अंगावर देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते ओट्याच्या कडेला बसून सुतळीला पीळ देत होते. वयानं माझ्याहून धाकटे, पण दीर तो दीर. मी कधी एकेरी हाक मारली नाही. आमच्या घरात सुतारकी. आमचे हे बाजेचा सांगाडा करत आणि भावजी ती बाज विणत. हे गेले, मुलगा रामकिसन सांगाडे करू लागला, विणणं भावजींचंच राहिलं. अख्ख्या जालन्यात असा हात दुसरा नाही, असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात, मी त्यांना म्हणू देते.

आणि हा माणूस कामावर एकटा जायचा. अनवाणी पायानं, हातात काठी, खांद्यावर सुतळीची गुंडी. कुणाच्या हाताला धरणं त्यांना खपत नसे आणि मलाही नसे. आमची सुतार गल्ली म्हणजे तेव्हा नुसता खळगा. शेवटाला जुन्या सराईची पडकी भिंत, म्हणजे पुढं वाटच नाही. पाऊस पडला की गुडघाभर चिखल. टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. बाळंतीण असो की मयत, तिथपर्यंत खांद्यावरूनच न्यायची. पण भावजींना या गल्लीचा कण न् कण ठाऊक. कचरू तेल्याच्या घरासमोरचा खड्डा आला की डावीकडं सरकायचं, पुढं चिंचेची मुळी, मग वाहती मोरी, मग आमचा तिरपा दगड. त्यावर टाच टेकली की वळायचं, समोर आमचा ओटा. गल्लीतल्या ज्या ज्या गोष्टीला आम्ही शिव्या घालायचो, त्या त्या गोष्टीला धरून भावजी चालायचे.

हैदराबाद स्टेट मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, त्यानंतरचा हा उन्हाळा. म्युन्सिपाल्टीचे मेंबर काकासाहेब आमच्याकडं मतं मागायला आले होते, तेव्हा त्यांचा नवा जोडा आमच्या चिखलात रुतला. त्याच दिवशी मी ओळखलं की आता सडक होणार. झालीच. खडी आली, मुरूम आला, मोऱ्यांवर फरश्या आल्या. शेवटाची भिंत पाडून गल्ली मागच्या रंगरेज मोहल्ल्याला आणि तिथून ठेसनाच्या रस्त्याला जोडायची असा हुकूमच आला.

दगडासाठी मी अजून भांडले असते. पण आतून भावजींचा आवाज आला.

"वयनी, काढू द्या त्यायला. सगळ्या गल्लीचं भलं हाय. एका मानसासाठी अडवू नका."

मी बाजूला झाले. दगड निघाला, घणाखाली फुटला आणि सडकेच्या पोटात गेला.

मग रोलर आला. जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. काळं धूड, पुढं लोखंडी चाक आमच्या रामकिसनच्या छातीएवढं, डोक्यावर धुराडं, आणि चाल अशी की जशी काही त्याला कुठं जायचीच घाई नाही. घरातली भांडी फळीवर आपोआप वाजायला लागली. बायका हळदीकुंकू घेऊन बाहेर आल्या. मीच पुढं होऊन त्या चाकाला कुंकू लावलं. इब्राहीम ओरडला, "मौशी, संभाळून, भट्टी हाय आत!" मी म्हटलं, "असू दे, आमच्याबी पोटात हाय."

भावजी ओट्यावर बसले होते. त्यांनी दोन्ही तळहात जमिनीला टेकले आणि तसेच धरून ठेवले.

"वयनी, जमीन घुमून राह्यली. लई मोठं असंल न्हाई?"

"लई मोठं. चार हत्ती बी कमी."

"अन् ते चाललं की मागं काय ऱ्हातं?"

"काहीच न्हाई. पाटासारखं सपाट."

त्यांनी हात जमिनीवरून उचलले.

डांबर पडलं, वरून बारीक वाळू पडली, लोकांनी पेढे वाटले. गल्लीत पहिला टांगा आला तेव्हा पोरं त्याच्या मागं पार मोहल्ल्यापर्यंत ओरडत गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी काठी आणि गुंडी घेऊन उतरले. मी ओट्यावर उभी. ते थोडे चालले आणि थांबले. पाय पुढं सरकवून पाहिला, डावीकडं पाहिला, उजवीकडं पाहिला. काठी आपटली. सगळीकडं एकच आवाज. खड्डा नाही, मुळी नाही, मोरीवर फरशी. आपण कुठं आहोत हे विचारावं असं पायाखाली काहीच नव्हतं. ते मागं वळले, आणि आपला म्हणून जो ओटा चढले तो कचरू तेल्याचा. काठी कोपऱ्यात ठेवून बसले आणि हाक मारली, "उमा, पाणी आण गं."

उमा माझी सून. ती माझ्याशेजारी उभी, तिच्या डोळ्यांत पाणी. कचरूची बायको तारा शहाणी बाई. तिनं काही न बोलता तांब्या आणून दिला. भावजींनी एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"हे आपल्या रांजणाचं पाणी न्हाई," ते म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी फिसकन हसलं. कोण ते मला माहीत आहे. त्याला पुढं मी जे ऐकवलं ते त्याच्या सासरपर्यंत पोचलं. पण झालं ते झालं. उमा जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आली. या घरात इतकी वर्षं काढली, भावजींचा हात दुसऱ्याच्या हातात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

गुंडी त्यांनी खुंटीला लावली. "रामकिसन, आता बाजा घरीच आणत जा. मी बाहेर न्हाई पडणार."

मी तशीच पायात वहाणा घातल्या आणि काकासाहेबांच्या घरी गेले. ते नेमके जेवत होते.

"या गोजरबाई. सडक कशी झाली?"

"सडक गुळगुळीत झाली. पण देवीनं डोळे नेले तरी माझा दीर आंधळा न्हवता, काकासाहेब. तुमच्या सडकेनं केला."

घास हातात धरून त्यांनी सगळं ऐकलं. माणूस वाईट नाही. शेवटी म्हणाले, "मग मी काय करू, बाई? सडक उखडू का? तुम्ही सांगा, काय करू?"

मी वहाणा घालून घरी आले. असं नुसतं उठून येण्याची पाळी माझ्यावर फार वेळा आलेली नाही.

असे बरेच दिवस गेले. भावजी आतल्या खोलीत बाजा विणायचे. वीण तीच, पण आधी विणताना गुणगुणायचे, ते बंद. एका दुपारी, उन्हं कलायला लागली होती, बुरखा घेतलेली एक बाई थेट आमच्या ओट्याशी आली. बुरखा वर केला. वयस्क, गोरी, पानानं रंगलेले ओठ.

"भाभी, नरहरभाई किधर हैं? मैं जुबेदा."

जुबेदाबी म्हणजे भावजींचं जुनं गिऱ्हाईक. तिच्या घरच्या बाजा, पलंग, पाळणा, सगळं भावजींच्या हातचं. मी नाव हजारदा ऐकलेलं, बाई कधी पाहिली नव्हती. आवाज ऐकून भावजी दारात आले.

"जुबेदाबी? तुमी? येवढ्या लांबून?"

"लांब कायकू? चूल पे दाल चढा के आयी मैं. उतू जायच्या आत जाती वापस. मेरी आमिना की शादी आली, पलंग रिकामे पडलेत, और तुम घर में बैठे!"

भावजींची मान वर झाली. ते सकाळी घरून निघत ते अख्खा बाजार वळून, चौकातून, मशिदीला वळसा घालून जुबेदाबीच्या घरी पोचेपर्यंत ऊन चढायचं; एवढं चालून ते घर नदीकडंच असणार असं त्यांनी धरलेलं.

"दाल चढवून आल्या? कंच्या बाजूनं?"

"तुमच्याच गल्लीच्या टोकानं. दीवार निकाली ना. दीवार के पीछे मोहल्ला, मोहल्ल्यात तिसरा दरवाजा मेरा."

"तुमचं घर नदीकडं न्हाई?"

"नदी? नदी तो उधर रह गयी, दूसरी बाजू!" ती हसली. मग त्यांचं तोंड पाहून तिचं हसणं थांबलं. "नरहरभाई, इतने साल हमारी पीठ को पीठ लगी थी. मालूमच नै था किसी को."

"मंग मी इतके दिवस कुठून कुठं जात व्हतो?" भावजी म्हणाले. हे त्यांनी जुबेदाबीला विचारलं नाही, मलाही नाही.

ती डाळीच्या काळजीनं निघून गेली. तिच्या पावलांचा आवाज बंद होईपर्यंत भावजी कान लावून उभे होते. फार वेळ लागला नाही. मग ते म्हणाले, "वयनी, मला सडकेच्या मधोमध नेऊन उभं करा. तोंड त्या टोकाला करा."

"अन् मंग?"

"मंग सोडा. अन् तुमी बोलू नका. तुमचा आवाज आला की माझे पाय घराकडं वळतात."

मी त्यांना मधोमध उभं केलं. ओट्याच्या कडेला लाकूड तासणारा रामकिसनचा वाकस थांबला होता. मी हातानं खुणावलं, चालू ठेव. परत वाकस लाकडावर टक टक पडू लागला. मी मागं सरले आणि पदर तोंडात धरला.

ते नुसते उभे राहिले. आमच्या गल्लीत वारा कधी नव्हता. भिंत होती ना. आता तिकडून वारा येत होता आणि त्यांचा सदरा फुगत होता. त्यांनी तोंड जरा या बाजूला केलं, जरा त्या बाजूला, आणि बरोबर वाऱ्याच्या समोर धरलं.

"हां," ते म्हणाले.

चालले. आधी काठी टेकत, मग टेकवायची विसरत. मग ती उचलून काखेत मारली. पावलं लांब पडायला लागली. कचरू बाहेर आला, तारा आली, पोरं आली. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर नरहर भावजी पळायला लागले. पन्नाशीला आलेला माणूस, धोतराचा सोगा उडतोय, मान वर, हात पसरलेले, देवी आल्यापासून जो कधी पळाला नव्हता तो सडकेच्या मधून पळतोय. धप धप धप. देवळात गाभाऱ्याचं दार उघडताना छातीत जसं होतं तसं मला झालं.

पडक्या भिंतीच्या जागेतून ते पलीकडं गेले आणि दिसेनासे झाले.

कचरू धावायला निघाला. मी त्याचं बखोट धरलं. "उभा ऱ्हा. कुणी जायचं न्हाई."

"अहो काकू, पडले बिडले तर?"

"पडले तर उठतील. उभा ऱ्हा."

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. उमानं दोनदा माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. वाकस वाजत होता तेवढाच. मग त्या टोकाला पांढरं काही हललं. ते येत होते. आता चालत होते, घाई नव्हती. आम्ही डोळस माणसं त्या सडकेवरून अजून मोरीच्या कडेकडेनंच चालायचो, जुन्या चिखलाची सवय. ते मधोमध येत होते, सावकारासारखे. वाकसाचा आवाज डाव्या कानाला आला तिथं वळले आणि ओटा चढले. आमचाच.

गालात खडीसाखर होती. "जुबेदाबीनं दिली. मला पळताना पाहून ती दारातच उभी ऱ्हायली, अन् डाळ उतू गेली तिची." मग धाप लागलेल्या आवाजात म्हणाले, "वयनी, आपली गल्ली सरळ हाय!"

"हाय की."

"सरळ! मला वाटायचं नागासारखी हाय. येवढी वळणं, येवढी वळणं. मी बारा वेळा वळायचो. अन् ती दोरीसारखी सरळ. मला कुणी सांगितलंच न्हाई कधी."

मी गल्लीकडं पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पार मोहल्ल्यातल्या लिंबाच्या झाडापर्यंत नजर जात होती. सुतारानं सूत मारावं तशी सरळ. रोज बघत होते, पण सांगण्यासारखं त्यात काही आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"बसा," मी म्हटलं. "उमा, राकेलचा बोळा आण गं."

त्यांचे दोन्ही तळवे डांबरानं काळे कुळकुळीत झाले होते. उन्हानं डांबर मऊ झालेलं, आणि हा माणूस त्यावरून पळून आलेला. मी खाली बसले आणि त्यांचा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. भावजी दचकले.

"वयनी, पाय सोडा! मोठ्या तुमी. पाप लावता का मला?"

"गप बसा. म्युन्सिपाल्टीचा माल हाय, घरात नको. उमानं सकाळीच सारवलंय."

मी घासत राहिले. डांबर हळूहळू सुटत होतं, खाली घरी बसून मऊ पडलेली गोरी कातडी लागत होती, आणि तिच्यात चिखलात चालून पडलेल्या जुन्या भेगा. उजवा झाला, डावा घेतला. भावजी गुणगुणत होते. मी दोन्ही पाय हातांत घट्ट धरले होते, आणि ते माझ्या मांडीवर अजून पळत होते.