रक्त ओकणारी पिकअप

आमच्या पिकअपनं रक्त ओकलं आणि ते बघायला इंदिरानगरातली निम्मी गल्ली धावत आली! बोनेटखाली फरशीवर लालभडक थेंब. इंजिन चालू करून स्टिअरिंग वळवलं की आतून बाई कण्हल्यासारखा आवाज. आणि स्टिअरिंग इतकं जड, की पप्पांसारखा धिप्पाड माणूस दोन्ही हातांनी ओढून घामाघूम.

"अपघातातली गाडी असणार. मेलेली बाई बसलीय आत," शेजारच्या नवसाबाई म्हणाल्या. लगेच गल्लीतल्या आणखी दोघींना ती दिसलीसुद्धा!

पप्पा वीस वर्षं देवळ्याहून कांदा आणायचे, पण जुन्या टेम्पोतून. त्याचं स्टिअरिंग दंडाच्या जोरावर वळायचं. ही सेकंडहँड पिकअप घेऊन सहाच महिने झालेले. एका बोटानं स्टिअरिंग वळतं याचं त्यांना भारी कौतुक. ते कशानं वळतं, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

भूत उतरवणाऱ्या एका बाबाला घेऊन आले महेशकाका. गॅरेजवाले, पप्पांचे जिवलग मित्र. टायरची हवा बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

"तिसऱ्या गिअरमध्ये पिशाच्च अडकलंय!" बाबा गरजला. "ओम् ह्रीं क्लच, ओम् ह्रीं ब्रेक!"

मला हसू फुटलं. आईनं चिमटा काढला.

बाबानं बोनेट उघडायला लावून त्यावर काळं फडकं टाकलं. "लोखंडाचं काम करणाऱ्यानं लिंबू आत ठेवावं." काका लिंबू घेऊन फडक्याखाली शिरले आणि दोन मिनिटांनी बाहेर आले. "फिरव आता!" पप्पांनी स्टिअरिंग पुन्हापुन्हा वळवलं. हळूहळू कण्हणं थांबलं, आणि स्टिअरिंग एका बोटानं गरकन फिरलं. टाळ्या! जयजयकार!

"आज गेली, पण अमावस्येला परत येईल," बाबा म्हणाला. "गाडी दारात राहिली तर घरच्या कर्त्याला घेऊन जाईल. लोखंडवाल्याच्या हवाली कर. तो देईल ते घे."

काकांनी हात जोडले. "वाल्मीक, तुझ्यासाठी मी घेतो हे अंगावर."

पप्पांचे डोळे भरले. आमचं घर ज्या गाडीवर चालतं, तिची चावी त्यांनी पुढे केली.

"थांबा!" मी ओरडले. वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझा आवाज जरा वाढलाच आहे. "पप्पा, हा कागद बघा. सकाळी सातला मी एक थेंब टिपला होता. माझा गुडघा फुटला की रक्त थोड्या वेळात सुकून काळपट होतं. आता दुपारचे दोन वाजलेत. हे अजून लालच आहे, बुळबुळीत आहे, आणि कागद बघा, भज्यांखालच्या कागदासारखा झालाय!"

"चैताली, मोठ्यांच्या मध्ये बोलू नको," काका म्हणाले.

मी फडकं ओढलं. लिंबाशेजारी एक छोटी टाकी होती. झाकणावर इंग्रजीत लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं, "पॉवर स्टिअरिंग ऑइल." बॅटरीमागे कोंबलेली रिकामी बाटली सापडली. तळाशी तोच लाल रंग.

"काका, ही कोणाची?"

"आधीपासून असेल गं."

"मग तुमची बोटं लाल कशी?"

बाबा बाइकला किक मारून पसार झाला. पप्पांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते काकांकडेच बघत होते. "महेश, तुला माहीत होतं?"

काका खाली बघत म्हणाले, "स्टिअरिंग हलकं करणाऱ्या पंपाचं सील गेलंय. तेल गळतंय. आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं मला. म्हटलं, गाडी स्वस्तात मिळेल."

दुसऱ्या दिवशी देवळाली कॅम्पच्या एका मेकॅनिकनं पंप बदलला. बेल्ट काढला, जुना पंप सोडवला, नवा बसवला, तेल भरलं. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आत अडकलेली हवा काढली. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि कण्हतो. एवढीच ती बाई!

पप्पा जुना पंप हातात धरून बसले होते. "सरळ सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर त्याच्याकडूनच बदलून घेतला असता ना मी."

मला बाबाचा इतका राग नाही. त्याच्यावर माझा विश्वासच नव्हता. काकांवर होता, म्हणून ते लिंबू घेऊन आत शिरले तेव्हा मी तिकडे बघितलंही नाही. म्हणून तुम्हाला सांगते, चमत्कार दाखवणारा परका असो नाहीतर घरातला, आधी आत काय आहे ते दाखवायला सांगा. खरं काम करणाऱ्या माणसाला प्रश्नांचा राग येत नाही.