वाढलेला दिवा

पद्मिनी माझी धाकटी जाऊ. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, माझ्यानंतर आली आणि घर मात्र माझ्याहून मोठं घेतलं. तेही मी गिळलं असतं. पण गेल्या वर्षी, दोन हजार सहा साली, तिनं जेवणाच्या टेबलावर इटालियन काचेचा दिवा टांगला आणि तिच्याकडचं जेवण मला गोड लागेनासं झालं.

एक वेळ दिवा परवडला, पण त्याचा इतिहास नको. पॉटलकला कुणी वर पाहिलं की बाईसाहेब सुरू. "व्हेनिसजवळ दोघा भावांनी कंपनी स्टार्ट केली, यू नो? थोरला काच फुंकायचा, धाकटा डिझाइन करायचा. धाकट्याचं नाव व्हायला लागलं तसा थोरला जळायला लागला. शेवटी त्यानं ह्या दिव्याचे साचेच फोडले. आता हा पीस परत बनतच नाही."

सगळे 'वॉव' म्हणत. मला तो थोरला भाऊ फार जवळचा वाटायचा.

यंदाची दिवाळी माझ्याकडे व्हावी, एवढंच मला हवं होतं. सासूबाई नागपूरहून आल्या त्या पद्मिनीकडेच उतरल्या. "त्या दिव्याखाली फराळ काय शोभेल," असं त्या म्हणाल्याचं माझ्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, भोळेपणानं येऊन सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोनच दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "वसुधा, पद्मिनीचा दिवा वाढला गं."

वाढला! म्हणजे आणखी एक आणला! एकानं भागलं नाही बाईंचं.

"अरे वा!" मी दात आवळून म्हटलं. "छानच झालं की आई. असेच वाढू देत!"

मग सासूबाई म्हणाल्या, "फोन स्पीकरवर आहे," आणि ठेवून दिला.

संध्याकाळी मी तावातावानं दुसरा दिवा बघायला गेले. टेबलावर नुसती वायर लोंबत होती. बल्ब बदलताना दिवा निसटला होता. पद्मिनी कार्पेटमधून काचा वेचत होती. बांगडीसुद्धा सासूबाईंच्या तोंडी कधी फुटत नाही, वाढते. लग्न झाल्यापासून ऐकतेय मी. नेमकं फोनवर आठवलं नाही.

"अगं, मला वाटलं दुसरा आणलास," मी म्हटलं. खरं तेच सांगत होते.

पद्मिनीनं मान वर केली. "वहिनी, पहिला आणला तेव्हा तुम्ही 'छान' म्हणाला नाहीत. दुसऱ्याला म्हणाल?"

मग ती सोफ्यावर बसलेल्या सासूबाईंकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "दिवाळी तुम्ही वहिनींकडेच करा."

सासूबाई बॅग भरून माझ्या गाडीत बसल्या. पुढचं दार मी उघडून धरलं होतं, त्या मागे बसल्या.