गाण्याचा भाव

राजोडीच्या विहिरी खाऱ्या झाल्या, म्हणून हंसा महापालिकेला अपक्ष उभी राहिली आणि नऊ मतांनी निवडून आली. पैसा नव्हताच. मासळी विकणाऱ्या रोझलीनमावशीनं बारा बायका जमवल्या आणि दारोदार गात फिरली:

आडाच्या काठावरी उभी हंसा माझी बाय,
गोडं पानी आनल्याबिगर घरा फिरायची नाय.

निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा होता. अठ्ठाविसाव्या दिवशी निवडणूक कार्यालयातल्या कारकुनानं हंसासमोर मोबाइलवर प्रचाराचा व्हिडिओ लावला.

"या गायिका मॅडम. नऊ दिवस. फुकट गायल्या तरी बाजारभावानं किंमत लिहावी लागते, खाली त्यांची सही. नाहीतर हिशोब खोटा ठरतो, पद जातं."

हंसा कागद घेऊन थेट मावशीच्या अंगणात गेली. मावशी बोंबील वाळत घालत होती.

"नुसती सही, मावशी. सत्तावीस हजार लिहिलेत. द्यायचे-घ्यायचे काही नाहीत."

मावशीचा हात थांबला. "तुझ्या हळदीला गायले, तवा किती भाव लावलेलास?"

"कायदा आहे गो."

"कायद्याला सांग, रोझलीन मासळी विकते, गानं नाय. सही केली तर गाव म्हनंल, भाड्यानं गायली. मेले तरी नाय."

हंसाला हट्ट करवेना. त्याच गाण्यावर तर ती निवडून आली होती. घरी येऊन तिनं तो कागद कपाटात ठेवला, गाण्याच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि हिशोब देऊन टाकला.

मे महिन्यात आदेश आला. पद रद्द, तीन वर्षं उभं राहायला बंदी. गोड्या पाण्याच्या लाइनचा तिचा अर्ज कुठल्याशा फाइलीत तसाच राहिला.

मावशी बाजारातून तशीच आली, डोक्यावरची पाटीही न उतरवता. "कुठं हाय तो कागद? दे, करते सही. लाव तुला काय लावायचा तो भाव."

"आता उपयोग नाही, मावशी."

"तू दे तर."

हंसानं कपाटातून तो जुना कागद काढून दिला. मावशीनं मासळीच्या ओल्या हातानं, एकेक अक्षर जुळवत, नाव लिहिलं. शाई पसरली.

"झालं ना गो आता?"

हंसानं विहिरीचं तांब्याभर पाणी आणून दिलं. मावशीनं एक घोट घेतला आणि तांब्या तसाच खाली ठेवला.