मान्सानियाच्या काढ्याची वाटी

मी एक जुनी काचेची वाटी आहे, अंड्याच्या अर्ध्या कवचाएवढी. काढा भरून मला डोळ्यावर लावायचं, मान मागे टाकायची, की डोळा धुऊन निघतो. मित्रांनो, ओआहाका शहराच्या बाजारात माझा काय थाट होता म्हणून सांगू! मान्सानियाच्या पांढऱ्या फुलांचा काढा माझ्यातून घेतला, की म्हातारा गाढववाला डोंगरापलीकडच्या कोंबड्या मोजायचा. हे मीच पसरवलं होतं म्हणा.

माझी मालकीण दोन्या रेफूहिओ, म्हणजे आपल्याकडच्या रेफूहिओबाई, मक्याच्या पिठाचे, पानात बांधून उकडलेले तामाले विकायची. साखरेच्या आजाराने तिचा डावा डोळा गेलेला. मग उजव्याच्या पडद्यालाही सूज आली, नि त्या डोळ्यात औषधाची सुई घ्यायची ठरली. घाबरून ती दोनदा दवाखान्याच्या दारातून परतली. शेवटी तिच्या लेकाची धर्माची आई, तिची कोमाद्रे ओर्तेन्सिया, तिला हाताला धरून घेऊन गेली.

घरी आल्यावर रेफूहिओच हसायला लागली. थेंब घालून डोळा बधिर केला, नुसतं दाबल्यासारखं वाटलं, मिरच्या निवडताना याहून जास्त झोंबतं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, डोळा चोळायचा नाही, काही दिवस त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. थोडं खुपेल, काळे ठिपके तरंगतील, त्याला भिऊ नका. पण दुखणं वाढलं किंवा नजर धुरकटली, तर त्याच दिवशी या.

संध्याकाळी डोळा खुपायला लागला.

"काढा म्हणजे काय पाणी आहे होय, कोमाद्रे?" ओर्तेन्सिया म्हणाली. "मान्सानिया तर तान्ह्या बाळालाही देतात."

तेव्हाच मी फळीवरून पडून फुटायला हवं होतं. पण मी मिरवत तिच्या डोळ्यावर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला, ठणकायला लागला. तामाल्यांची वाफ नि नवऱ्याचा चेहरा तिला सारखेच धुरकट दिसायला लागले. डॉक्टरीणबाईंना कुठल्या तोंडाने सांगू, म्हणत तिने आणखी एक दिवस घालवला. मग ओर्तेन्सियाने मला रुमालात गुंडाळलं आणि तिला ओढतच नेलं.

"डोळ्यात काही घातलंत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही हो," रेफूहिओ खाली बघत म्हणाली.

ओर्तेन्सियाने मला टेबलावर ठेवलं. "घातलंय. मीच घालायला लावलं. काय बोलायचं ते मला बोला, पण हिचा डोळा वाचवा."

"बोलत बसायला वेळ नाही, यातून जंतू डोळ्याच्या आत गेलेत," बाई म्हणाल्या. त्यांनी लगेच डोळ्याच्या आतलं पाणी तपासायला काढलं आणि औषध सोडलं.

डोळा वाचला, पण पुरता नाही. रेफूहिओला माणसं ओळखू येतात. तामाल्यांच्या गाठी मात्र ओर्तेन्सिया बांधते. ते बघताना माझी मान वर होत नाही.

मित्रांनो, सुईनंतर डोळ्यात डॉक्टरांनी दिलेल्या औषधाशिवाय काही घालू नका, माझ्यासारखी कितीही नावाजलेली वाटी पुढे आली तरी. डोळा दुखला तर त्याच दिवशी जा. काय घातलं ते खरं सांगा. लाजायचं काम मी करते आहे, तेवढं पुरे.

आता रेफूहिओने माझ्यात आंब्याला लावायचं मिरचीचं मीठ भरून ठेवलंय. म्हणजे चुकूनसुद्धा कुणी मला डोळ्याला लावणार नाही.