मधल्या सुट्टीचा भूकंप

“काका, हे खोकं जिवंत आहे की मेलंय?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून एका मुलीने शाळेच्या तळघरात येऊन शिपाईकाकांना हा प्रश्न विचारला. जिना ती अशी उतरली की माझं काळीजच हललं. सगळे तिला ‘धडधड’ म्हणतात ते काही उगीच नाही.

“तुझ्याइतकंच जिवंत आहे,” काका म्हणाले. “आत्ता तू आलीस, तेही टिपलंय त्यानं.”

मित्रांनो, ते खोकं म्हणजे मी, एक जुना भूकंपमापक. माझ्या पोटात स्प्रिंगला टांगलेलं वजन आहे. जमीन हलली की मी हलतो, वजन मात्र जागचं हलायला तयार नसतं. तेवढ्या फरकातून धक्क्याची रेघ उमटते. तीस वर्षं मी जमिनीला कान लावून बसलोय. आधी पाहुणे यायचे, कौतुक व्हायचं. मग माझ्याभोवती मोडके बाक रचले गेले.

त्या दिवशी भूकंपांच्या संशोधक बाई आल्या होत्या. त्यांनी एका संगणकाला हजारो रेघा दाखवून शिकवलं होतं: हा भूकंप, हा नव्हे. माणसाच्या नजरेतून निसटणारे बारीक धक्केही तो हुडकायचा. पाच तळघरांतल्या माझ्यासारख्या पाच यंत्रांच्या नोंदी जुळवल्या की धक्के कुठे झाले ते कळतं. त्यावरून बाईंना जमिनीखालचा लपलेला प्रस्तरभंग शोधायचा होता; म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात ती भेग.

“पण हे यंत्र रोज चाळीस खोटे धक्के देतंय,” बाई चेहरा पाडून म्हणाल्या. “याच्या नोंदी बाद. उद्या काढूनच नेऊ.”

तीस वर्षं राखण केली मित्रांनो, आणि शेवटी खोटारडा ठरलो!

धडधडने संगणकाच्या पडद्यात नाक खुपसलं. “बाई, रविवारी एकही नाही? आणि रोज बरोबर अकराला? अहो, हा भूकंप नाही, ही आमची मधली सुट्टी आहे!”

बाई खो खो हसल्या. “खरंच गं! पोरांची पावलं कशी असतात, ते मी संगणकाला दाखवलंच नाही.”

“मग दाखवू या की!”

आठवडाभर मैत्रिणी जिन्यावर उड्या मारत होत्या. एकेकट्या, घोळक्याने, दप्तरासकट. धडधड घड्याळ बघून वहीत वेळ टिपायची. शिपाईकाकांनी कपाळाला हात लावला. “जिना कोसळला तर तो भूकंपात धरायचा की सुट्टीत?”

संगणक शिकला. खोटे धक्के गळाले. उरलेल्यांचे ठिपके शाळेमागच्या टेकडीखाली कवायतीच्या रांगेसारखे एका ओळीत उभे राहिले. हीच ती भेग! माझ्या नोंदींवाचून ती रांग अर्धीच राहिली असती.

शनिवारी धडधडचे आईबाबा तिला शोधत खाली आले.

“घरी यायचंय, की इथंच बिऱ्हाड थाटणार आहेस?” आईने विचारलं.

“आई, बाबा, ठरलंय माझं! पुढे मी हेच शिकणार. तोवर रोज शाळा सुटल्यावर तासभर इथं. याच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासायच्यात. याला कुणी हलवायचं नाही, हे बाक मी हटवणार. आणि आजपासून मी जिना हळू उतरणार. याला जमिनीखालचं ऐकू यायला हवं ना!”