काकूंची बोलकी पाटी

घशाच्या ऑपरेशनमध्ये काकूंचा आवाज गेला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाईट वाटलं, आणि घर जरा शांतही झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या. शिवणकामाच्या दुकानात काकूंच्या तोंडाला लागण्याआधी गिऱ्हाईक दहादा विचार करायचं.

पुतण्या कॉम्प्युटरमधला. त्याने बोलकी पाटी आणून दिली. म्हणजे टॅबलेटच, पण बटण दाबलं की गोड आवाजात वाक्य बोलणारा. नेहमीची वाक्यं त्यानेच प्रेमाने भरली. 'हो', 'चालेल', 'पाणी द्या', 'मी बरी आहे', 'तुम्ही ठरवा', 'थँक्यू'. 'नाही' भरायचं राहून गेलं. मुद्दाम नव्हे, आजारी माणूस नाही म्हणेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बाकी काही बोलायचं तर खाली अक्षरं होती, एकेक दाबायची.

टाके निघाल्यापासून काकूंना एकच घाई होती, दुकान उघडायची. पण त्याआधीच त्यांचे दीर औषधवाल्याला घेऊन घरी हजर झाले. त्याचं दुकान काकूंच्या दुकानाला लागून. त्याला मधली भिंत पाडायची होती.

"वहिनी, आता कशाला ही दगदग?" भाऊजी म्हणाले. "देऊन टाकू ना दुकान?"

मान हलवायला डॉक्टरांची बंदी. काकूंनी जोरजोरात हात हलवला.

"उकडतंय वाटतं," म्हणत भाऊजींनी पंखा वाढवला.

काकू अक्षरांकडे वळल्या. अ सापडला. ज शोधेपर्यंत दोघांच्या बोलण्यात भिंत पडली होती, ब शोधेपर्यंत औषधांचा फ्रीज आत आला होता. शेवटी पाटी गोड आवाजात म्हणाली, "अजिबात नाही." तेव्हा पुतण्या विचारत होता, "काकू, चहात साखर घालू ना?"

चहा बिनसाखरेचा आला.

काकूंनी पुन्हा बोट चालवलं. इकडे औषधवाला रंगात आला होता. "आमच्या सासूबाई रोज काउंटरवर येऊन बसतात आणि सगळ्यांना सांगतात..."

"दुकान माझं आहे," पाटी म्हणाली.

"अगदी हेच!" औषधवाल्याने मांडीवर थाप मारली. "तुम्हाला कसं कळलं?"

काकूंच्या कपाळाची शीर उडू लागली. बोट घसरलं, आणि नको त्या बटणावर पडलं.

"तुम्ही ठरवा."

"झालं तर मग!" भाऊजी उठले, दाराशी जाऊन चपला घालू लागले. "उद्याच गवंड्याला बोलावू."

काकूंनी पुतण्याचं मनगट असं पकडलं की कप हिंदकळला. पाटी त्याच्यापुढे धरून भराभर अक्षरं दाबली. पाटी म्हणाली, "'थांबा'चं बटण दे."

"आत्ता?"

काकूंनी नुसतं बघितलं. ते बघणं ऑपरेशनमधून शाबूत सुटलं होतं. पुतण्या कामाला लागला. "मोठं करू?" काकूंनी दोन्ही हात फाकवले. त्याने अर्धी पाटी बटणाला दिली आणि जाता जाता आवाजही शेवटपर्यंत वाढवला.

"थांबा!"

कपबशा वाजल्या. भाऊजी एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले.

काकू आता निवांत लिहायला बसल्या. औषधवाल्याचा पाय हलू लागला. भाऊजींची सगळी बोटं मोडून झाली, मग पहिल्यापासून मोडायला घेतली. पुतण्याला राहवेना. "न? नको? नवीन? नळ दुरुस्त करायचाय का, काकू?"

"थांबा!"

शेवटी पाटी म्हणाली, "नाही."

"एवढंच?" भाऊजी उसळले. "एवढ्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवलंत?"

"थांबा!"

बोट पुन्हा अक्षरांवर. औषधवाला घड्याळ पाहत उठला. "दुकानात सासूबाई एकट्याच आहेत हो. मी नंतर येऊ का?"

"थांबा!"

तो बसला. चहावर साय धरली. बराच वेळ गेला, आणि पाटीने गोड आवाजात, पण सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा बेताने सुरुवात केली.

"मुद्दा पहिला."

भाऊजींनी पायातली चप्पल काढली.