कधीपासून दुखतंय

आठ दिवसांपासून, असं मी डॉक्टर शैलजा मॅडमना सांगितलं. राखी, माझी सोळा वर्षांची पोर, शेजारच्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती.

आठ नव्हते.

त्याआधीच मी तिचा मोबाइल काढून घेतला होता. शाळा बंद. कोसाडला आमच्या खोलीवर साड्यांना लेस लावायचं काम येतं. भाईदास टेम्पोतून बंडलं आणतो, राखी दारात उतरवून घेते. घ्यायची. तो तिला 'बेटा' म्हणायचा. कसा म्हणायचा, ते मी रात्रंदिवस आठवत बसले.

मॅडमनी सोनोग्राफीचा कागद उजेडात धरला. आठ दिवसांत एवढी गाठ? परत विचारलं, कधीपासून.

पंधरा.

पंधराही नव्हते. पण खरं सांगायचं तर पट्टीचं सांगावं लागलं असतं. तिची पाळी चुकली, पोट एका बाजूला टणक लागलं. लांबच्या मेडिकलमधून, जिथं कुणी ओळखत नाही, तपासणीची पट्टी आणली. बाथरूमच्या दारात उभी राहिले.

दोन रेषा.

"कोन शे तो?"

"कोनीच नई."

"भाईदास?"

"मम्मी, ते पप्पांएवढे आहेत."

मग कोण? जेवताना हेच, लेस लावताना हेच. ती दुखतंय म्हणायची, मला नाटक वाटायचं. दवाखान्यात न्यावं तर अल्पवयीन पोर म्हणून पोलीस येतील, वस्तीत बोभाटा. अमळनेरला माझी बहीण मंगलाबाई एका बाईला ओळखते, तिकडं न्यायचं ठरवलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. गाडी यायच्या आत फलाटावर राखी खाली पडली. तिथून सरळ इथं.

"सीताबेन," मॅडम म्हणाल्या, "गाठ किती वेगानं वाढतेय ते मला कळायला हवं. खरं सांगा."

"तेवीस." मग पट्टीचंही सांगितलं.

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. गर्भाशय रिकामं आहे, म्हणाल्या. हा अंडाशयाचा कॅन्सर असावा, क्वचित होणारा, पण बहुतेक कोवळ्या मुलींनाच होणारा. गरोदरपणात शरीरात जे तयार होतं, तेच कधी कधी अशी गाठ स्वतः तयार करते. पट्टीला फरक कळत नाही. गाठीकडचं अंडाशय काढू, दुसरं आणि गर्भाशय वाचवायचं बघू, पुढं मूल होऊ शकतं. नंतर केमो. बऱ्याच मुली बऱ्या होतात. तेवीस दिवसांनी काय केलंय, ते पोट उघडल्यावर कळेल.

मी सगळं ऐकलं. समजलंही. तरी तोंडातून निघालंच, "म्हणजे मॅडम, नक्की कोणी नाही?"

मॅडम बोलायच्या आत राखीनं मान वळवली.

"मम्मी, तू बाहेर बस. सही लागेल तेव्हा बोलावतील."

मी बाहेर आले. दार अर्धंच लोटलं.